दोष मेमरीचा की विजेचा?

औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडचा छोटा सर्व्हर दुपारी बंद पडू लागला. सकाळी एकटा कारकून बिले करी तेव्हा सर्व ठीक. पाचही जण कामाला बसले की यंत्र थांबायचे. यंत्राच्या नोंदवहीत 'मेमरीतील चूक' असे स्पष्ट लिहिलेले. दुरुस्ती करणाऱ्याने मेमरीची एक पट्टी बदलली, चार दिवसांनी दुसरी बदलली. मग आम्हाला बोलावणे आले.

मेमरीत चूक होते म्हणजे नेमके काय होते? चिपमध्ये प्रत्येक बिटसाठी एक अतिसूक्ष्म धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते. त्यातला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. गळक्या माठात पाणी ओतत राहावे तसे. त्यात एखादे बिट उलटले तर? ५०० हा आकडा द्विमान पद्धतीत फळ्यावर लिहा आणि १०२४ च्या स्थानावरील शून्याचा एक करा. बिल १५२४ रुपयांचे झाले!

म्हणून सर्व्हरच्या मेमरीत बहुधा दर ६४ बिटांमागे ८ बिटे पहाऱ्याला असतात. ही युक्ती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे. एक बिट चुकले तर ते दुरुस्त होते व तशी नोंद होते. दोन चुकली तर चूक कळते, पण कोणती ते कळत नाही. तेव्हा यंत्र थांबते. व्यापारी या थांबण्यावरच चिडले होते. आम्हाला मात्र ते उपकारच वाटले.

मेमरीवर संशय घेणे गैर नव्हते. गूगलच्या सर्व्हरांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात सुमारे आठ टक्के पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. पण आम्ही नोंदवही पुन्हा वाचली, तेव्हा चूक कधी पहिल्या खाचेत, कधी तिसऱ्या, कधी चौथ्या! पट्टी खराब असेल, तर तिची जागा बदलल्यावर चूक तिच्यामागे जाते. खाच खराब असेल, तर पट्टी बदलूनही चूक तिथेच राहते. इथे ती भटकत होती. चार पट्ट्या एकदम कशा बिघडतील? मग चौघींना समान असलेली गोष्ट शोधायला हवी. ती म्हणजे वीज.

मल्टिमीटरने १२ व्होल्टच्या तारेवर १२.०५ व्होल्ट दाखवले. मान्य मर्यादा ११.४ ते १२.६, म्हणजे सारे उत्तम! पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. दिष्टकारी मंडलात लहरी सपाट करायला आपण धारित्र जोडतो, ते आठवा. पॉवर सप्लायमध्येही तेच काम चालते, आणि १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंतच्या लहरी चालतात. एका महाविद्यालयातून ऑसिलोस्कोप आणला. सकाळी लहरी मर्यादेत होत्या. दुपारी, भार वाढल्यावर, ३०० मिलिव्होल्टच्या पुढे! मदरबोर्डवरील नियामक मेमरीसाठी १.२ व्होल्ट तयार करताना बऱ्याचशा लहरी गिळतो, पण सगळ्या नाही.

मूळ कारण अगदीच घरगुती. पॉवर सप्लायचा पंखा धुळीने जवळजवळ बुजला होता. आतल्या धारित्रांतील द्राव उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. ती डबी मात्र आम्ही उघडली नाही आणि तुम्हीही उघडू नका. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या धारित्रात भार काही काळ टिकून राहतो.

नवा पॉवर सप्लाय बसवला. आधी काढून टाकलेल्या दोन्ही पट्ट्या परत लावून रात्रभर चाचणी चालवली. सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही.