मांगी-तुंगीच्या पायथ्याशी राहुटी

नवापूरहून चरणमाळ घाट ओलांडून पिंपळनेर, ताहाराबादमार्गे निघाले की सागाची वने मागे राहतात आणि बागलाणचे उघडे, रखरखीत कातळ सुरू होतात. मांगी-तुंगीच्या पायथ्याशी राहुटी ठोकणाऱ्या कुटुंबाची परीक्षा उन्हापेक्षा पाण्याची. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर थेंबही घेत नाहीत. नवकारशी येते सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. चैत्र-वैशाखात पहाटे चढावे तर घसा कोरडा, थांबावे तर पायऱ्या तापलेल्या. घरात वडीलधारी मंडळी असतील तर यात्रा मार्गशीर्षातच योजावी; उकळलेले पाणी तेव्हाही सोबत हवेच. २०१६ साली प्रतिष्ठापित झालेली १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती पाहून अनेकजण परततात. तुंगीवरील गुहा मात्र चुकवू नयेत. जैन परंपरेनुसार श्रीरामांचे मोक्षस्थान हेच.