मनोऱ्याखालचा मठ

पणदरे-बारामतीकडची गोव्याची सहल जुन्या गोव्यात थांबते ती बहुतेक वेळा बॉम जेझू चर्चपुरतीच. संत झेवियरचं दर्शन घ्यायचं, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये डोकवायचं, की गाडी निघाली किनाऱ्याकडे. पश्चिमेच्या टेकडीवरचा अर्धा ढासळलेला लालसर मनोरा खिडकीतून दिसतो आणि मागे पडतो. तासभर काढा आणि वर चढा, असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. युरोपातल्या मठांची चित्रं आपण पाहतो, पण ख्रिस्ती मठ स्वतः फिरून समजून घ्यायला ही जागा आपल्याला जवळची आहे.

टेकडीचं नाव मोंते सांतो. मठ ऑगस्टिनियन पंथाचा, चर्च १६०२ मध्ये पुरं झालेलं. छप्पर उरलेलं नाही, म्हणूनच सगळी रचना उघडी दिसते. मधे मोठा मंडप, दोन्ही अंगांना लहान उपासनाघरं, टोकाला वेदी आणि शेजारी संन्यासी राहत ती मठाची बाजू. पायाखाली कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत. भिंतींवर कुठेकुठे रंगीत फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत, ते जवळ जाऊन बघा.

हे पडलं कशानं? पोर्तुगालनं मठ बंद करण्याचा हुकूम काढला आणि १८३५ मध्ये संन्याशांना बाहेर पडावं लागलं. बांधकाम जांभ्याचं. जांभा खाणीत मऊ असतो, सहज तासला जातो आणि हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या अंगात भोकं फार. चुन्याचा गिलावा राखला नाही तर कोकणातला पाऊस त्यात मुरतो. भुलेश्वराच्या मंदिराचा काळा पाषाण उघड्यावर शतकानुशतकं टिकतो, जांभ्याला मात्र माणसाचा हात फिरता लागतो. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा. हा मनोरा मुळात ४६ मीटर उंच होता! त्यातली घंटा पुढे पणजीच्या चर्चमध्ये गेली.

मठाचं सभागृह चुकवू नका. जॉर्जियाची राणी केतेवान हिनं धर्म सोडायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासनं १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून जीव घेतला. ऑगस्टिनियन संन्याशांनी तिच्या अस्थी मिळवून १६२७ मध्ये इथे आणल्या. सभागृहातल्या खिडकीजवळ त्या ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदांत होती. पडझडीत खिडकीच कुठली ते कळेना. पुरातत्त्व खात्यानं चिकाटीनं खोदकाम केलं, हाडाचा तुकडा सापडला आणि हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रानं डीएनए तपासला. त्यात आढळलेला मातृवंश भारतीय नमुन्यांत नव्हता, जॉर्जियात होता. २०२१ मध्ये भारतानं अस्थींचा काही भाग जॉर्जियाला दिला.

उतरताना समोरच्या सांता मोनिकात जा. तो जोगिणींचा मठ. तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे आणि जोगिणी आजही राहतात, त्यामुळे आवाज जरा बेतानं. पावसाळ्यात जांभा निसरडा होतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून न्या.