शिक्षण सोडून धंदा टाकायचा? आधी घरात बसून हा हिशेब मांडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी एकच वाद सुरू होतो. पोरगं म्हणतं, कॉलेज करून कुणाला नोकरी लागलीय, त्यापेक्षा मला वेल्डिंगचं दुकान टाकून द्या. बाप म्हणतो, आधी पदवी घे, मग काय करायचं ते कर. दोघांचंही चूक नाही. बी.ए., बी.कॉम. होऊन घरी बसलेली पोरं गावागावात आहेत. कर्ज काढून टाकलेली आणि वर्षभरात शटर पडलेली दुकानंही तालुक्याच्या रस्त्यावर दिसतात. म्हणून नुसतं भांडण्यापेक्षा कागद-पेन घेऊन बसलेलं बरं.

दहावीनंतर लगेच धंदा? कर्ज कुणाच्या नावावर?

दहावी झालेलं पोरगं 15-16 वर्षांचं असतं. 18 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय त्याच्या नावावर धंद्याचं कर्ज मिळत नाही. म्हणजे आत्ताच दुकान टाकायचं तर कर्ज बापाच्या नावावर निघणार, नाहीतर सोनं मोडणार किंवा सावकाराकडे जावं लागणार. त्यामुळे 18 पर्यंतची दोन वर्षे शिकण्यात घालवली तर नुकसान काहीच नाही.

ही दोन वर्षे आयटीआयला दिली तर दोन्ही गोष्टी साधतात. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, तर वेल्डर, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे आहेत. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. एसटी, महावितरण अशा ठिकाणी आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवार म्हणूनही घेतात. तिथे विद्यावेतन मिळतं आणि हात बसतो.

कोणत्या धंद्याला कागद लागतो?

सगळ्याच धंद्यांना शिक्षण लागत नाही. पण काही धंदे शिक्षणाशिवाय कायद्याने करताच येत नाहीत.

- कृषी सेवा केंद्र : कीटकनाशकाच्या परवान्यासाठी शेतीची पदवी, ठराविक विषयांची विज्ञान पदवी किंवा कृषी पदविका लागते. स्वतःकडे नसेल तर तसं शिकलेला माणूस कामाला ठेवावा लागतो.
- मेडिकल : नोंदणी असलेला फार्मासिस्ट दुकानात लागतोच. डी.फार्म. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं आहे. दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्याने लावून दुकान चालवलं आणि सापडलं, तर परवाना जाऊ शकतो.
- दूध धंदा, पिठाची गिरणी, शिवणकाम, फॅब्रिकेशन, किराणा : पदवीची अट नाही. पण काम येणं आणि हिशेब ठेवता येणं लागतंच.

सरकारी योजनेतही शिक्षण आडवं येतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) उत्पादनाचा प्रकल्प 10 लाखांच्या वर किंवा सेवा व्यवसाय 5 लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास लागते.

हप्त्याचं गणित

समजा, फॅब्रिकेशनच्या दुकानासाठी 3 लाख कर्ज काढलं. व्याज 11 टक्के, मुदत 5 वर्षे. महिन्याचा हप्ता साधारण साडेसहा हजार बसतो. पाच वर्षांत 3 लाखांचे सुमारे 3 लाख 91 हजार फेडावे लागतात.

आता खर्च धरा. हप्ता 6,500, गाळाभाडं 3,000, लाईट बिल 2,000, हाताखालच्या पोराचा पगार 10,000. झाले 21,500. स्वतःची हजेरी 12,000 धरली तर 33,500. लोखंडाचे पैसे वजा करून महिन्याला एवढे उरले पाहिजेत. बरेच जण स्वतःची हजेरी धरतच नाहीत आणि गल्ल्यात आलेला पैसा नफा समजतात. घोळ तिथेच होतो.

दुसरी अडचण उधारीची. गावात गिऱ्हाईक म्हणतं, उसाचं बिल आलं की देतो, सोयाबीन विकलं की देतो. बँक मात्र दर महिन्याला हप्ता मागते. दोन-तीन हप्ते थकले की सिबिल बिघडतं. कर्ज बापाच्या नावावर असेल, किंवा तो जामीनदार असेल, तर उद्या त्याच्या पीक कर्जालाही अडचण येऊ शकते. म्हणून किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय धंद्यात उडी मारू नये.

सबसिडी हातात येत नाही

"सबसिडी मिळवून देतो, एवढे हजार द्या" म्हणणारे एजंट तालुक्याला फिरत असतात. पीएमईजीपीमध्ये ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आदींना 35 टक्के अनुदान आहे. पण ते पैसे तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहतात. धंदा चालू आहे हे दिसल्यावर कर्जात वळते होतात. ऑनलाइन अर्ज आणि उद्यम नोंदणी, दोन्हीला फी नाही. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा.

दोन्ही जमतं का?

जमतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग याच महाराष्ट्रात घालून दिला. आजही शाळा सुटलेल्याला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. बारावी झालेल्याला दुकान सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. 18 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (आरसेटी) राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळतं. चौकशी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत करता येते.

मुलींच्या बाबतीत तर घाई अजिबात नको. "दोन वर्षे शिवणकाम कर, मग लग्न" असं ठरवण्याआधी फी माफीची माहिती घ्या. 2024-25 पासून घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

निर्णयाआधी चार प्रश्न

1. जो धंदा टाकायचा, तिथे पोरानं सहा महिने तरी पगारी किंवा बिनपगारी काम केलंय का?
2. त्या धंद्याला परवाना लागतो का, आणि त्यासाठी कोणतं शिक्षण लागतं?
3. धंदा बुडाला तर हप्ता कुठून भरणार? जमीन विकून, असं उत्तर असेल तर थांबा.
4. कॉलेजच निवडलं, तर तीन वर्षांनी हातात कोणतं काम येणार आहे? याचं उत्तर नसेल तर तो खर्चही विचार करूनच करा.

चारही उत्तरं कागदावर लिहून काढा आणि प्रवेशाची मुदत संपायच्या आत घरच्या सगळ्यांसमोर वाचा. आईलाही बसवा, कारण घरातला पैसा कुठे मुरतो हे बहुतेक घरांत तिलाच जास्त माहीत असतं.