बीडाच्या आधीचे लाकूड

किर्लोस्करवाडी म्हटले की नांगर आठवतो, उसाचा चरक आठवतो, विहिरीवरचा पंप तर आठवतोच. सगळा कारभार लोखंडाचा आणि बीडाचा. पण यांतला बीडाचा एकही भाग थेट बीडातून घडलेला नाही. बीड ओतायला वाळूचा साचा लागतो आणि वाळूत तो साचा उठवायला आधी त्या भागाची प्रतिकृती हवी असते. ती पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची होत आली. कारखान्यात तिला पॅटर्न म्हणतात आणि ती करणाऱ्याला पॅटर्नमेकर. पलूस तालुक्यातल्या या गावाची कहाणी सांगताना भट्टीचे, यंत्रांचे, विक्रीचे बरेच बोलले जाते. लाकडात पंप घडवणाऱ्या कारागिराचा उल्लेख मात्र सहसा येत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले, तेव्हा रंगकाम सुटले आणि यांत्रिक ड्रॉइंग हाती राहिले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तेच शिकवत. बेळगावात बंधू रामुअण्णांबरोबर सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, आणि १९०३ साली लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

त्या काळी गावचा नांगर सुतार करी, तोही बहुधा बाभळीचा. लोखंडाने जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांना होती आणि पहिले नांगर खपवायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर लोखंडी झाला म्हणजे सुताराचे काम गेले, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात नांगराचा ओतीव भाग आधी लाकडातच उतरवावा लागे. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. धातू तोफेचा असो की बोटीने आलेला असो, आकार द्यायचे काम पॅटर्नचेच.

पुढे १९२६ साली इथे सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला आणि पॅटर्नचे काम कितीतरी अवघड झाले. नांगराचा भाग बाहेरून दिसतो तेवढाच असतो. पंपाचे पोट मात्र पोकळ, आणि तेही शंखासारखे गोल फिरत रुंदावत जाणारे. बाहेरच्या आकारासाठी दोन अर्धुकांचा पॅटर्न करायचा. आतली पोकळी राहावी म्हणून वाळूचाच गाभा, म्हणजे कोअर, साच्यात बसवायचा. तो कोअर करायला वेगळी लाकडी पेटी, आणि तो साच्यात नेमका टेकावा म्हणून पॅटर्नवर जादा खुंट. म्हणजे पॅटर्नमेकरला एकाच पंपाचे बाहेरचे अंग आणि आतली पोकळी अशा दोन गोष्टी लाकडात कराव्या लागतात. शिवाय पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार ठेवावा लागतो.

सगळ्यात गमतीची गोष्ट मापाची. बीड थिजताना आणि गार होताना आकसते, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. पोलादाची आकसण जवळपास दुप्पट. म्हणून ५०० मिलिमीटरच्या पंपाचा पॅटर्न ५०५ चा करायचा, आणि जिथे लेथवर कातकाम होणार तिथे त्यावर आणखी काही मिलिमीटर सोडायचे. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरजवळ वेगळी पट्टीच असते. तिच्यावर एक मीटर लिहिलेले अंतर खरे म्हणजे एक मीटर दहा मिलिमीटर असते. लाकडी पॅटर्नवरून ॲल्युमिनियमचा कायमचा पॅटर्न ओतायचा असेल तर ॲल्युमिनियमची आकसणही धरावी लागते आणि लाकडी माप ५११ च्या पुढे जाते. जहाजाची प्रतिकृती करणारा छंदी कारागीर मूळ जहाजाशी प्रमाण तंतोतंत जुळवायला धडपडतो. पॅटर्नमेकरची प्रतिकृती मुद्दाम न जुळणारी असते. किती जुळू द्यायची नाही, हे त्याला नेमके माहीत असावे लागते.

आता हा पॅटर्न जोडायचा कसा? सागवानाची रुंद फळी घेऊन तिच्यातून गोल चकती कापली तर काम सोपे होईल, पण ती गोल राहणार नाही. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही, आडवे मात्र चांगले आकसते आणि फुगते. आखाडात गोल असलेली चकती चैत्रात लांबट होते. म्हणून मोठे कडे लहान लहान पाकळ्यांचे करतात. सहा पाकळ्या जुळवून एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. वरच्या थराचा सांधा खालच्या पाकळीच्या मध्यावर यावा लागतो, वीटकामात येतो तसा. पाकळीची टोके म्हणजे लाकडाची कापलेली तोंडे. ती गोंद पिऊन टाकतात आणि सांधा कच्चा राहतो. त्या तोंडांना आधी पातळ गोंदाचा हात देऊन वाळू देतात, तरी खरा जोर वरच्या-खालच्या थरांच्या सपाट चिकटण्यातच असतो.

गोंद लावण्याआधी सगळे कोरडे जुळवून पाहायचे. दोन पाकळ्या एकमेकींना भिडवून उजेडाकडे धरायच्या. फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. लाकडाचा गोंद फट भरण्यासाठी नसतो. दोन पृष्ठभाग मुळात भिडलेले असतील तरच पातळ थर त्यांना धरतो. सागवानात तेलाचा अंश असतो, म्हणून रंधा मारल्यावर लगेच, पृष्ठभाग ताजा असतानाच चिकटवायचे. क्लॅम्प आवळतानाही तारतम्य हवे. फार आवळला तर गोंद बाहेर निघून जातो आणि सांध्यात काही उरतच नाही.

गोंद कोणता, हा प्रश्न पूर्वी नव्हता. सरस हाच गोंद. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसाच्या वड्या रात्रभर गार पाण्यात भिजवायच्या आणि फुगल्या की डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. साठ अंशांच्या आसपासची ऊब पुरते. उकळला की त्याचा चिकटपणा मरतो. लावायचा तो गरम असताना आणि चटकन. लहान सांध्यांना क्लॅम्पही लागत नसे. दोन तुकडे एकमेकांवर घासत राहायचे, सरस थंडावत आला की हाताला ओढ लागते आणि तुकडा सरकेनासा होतो. मग तसाच सोडून द्यायचा. वास मात्र दिवसभर अंगाला येई.

सरसाचे वैर पाण्याशी. आणि ओतकामाची वाळू ओली असते. तिच्यात साधारण तीन ते पाच टक्के पाणी असते. पॅटर्न त्या वाळूत दिवसातून अनेकदा पुरला जातो, वरून ठोकला जातो, हलवून बाहेर काढला जातो. म्हणून पॅटर्नवर चपड्याचे पॉलिश किंवा रंग चढवतात; तो देखणेपणासाठी नसतो, ओल आत जाऊ नये आणि वाळू चिकटू नये म्हणून असतो.

१९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि पुढे सुताराच्या खोक्यातून सरस हळूहळू हद्दपार झाला. पांढरा गोंद, गरम करणे नाही, वास नाही. पण पाण्याने साधा पांढरा गोंदही मऊ पडतो, म्हणून ओल्या वाळूत जाणाऱ्या कामाला पाणी सोसणारा प्रकार निवडावा लागतो. सतत ताण असलेला सांधा पांढऱ्या गोंदाने हळूहळू सरकतो, तिथे स्क्रू किंवा खुंटी जोडीला हवी. दोन नळ्यांतून मिसळायचा इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, थोडी फटही भरतो. पण एकदा बसला की सांधा सहजी उकलता येत नाही. झटपट चिकटणारा फेविक्विकसारखा गोंद बारीकसा तुकडा जागेवर धरण्यापुरता ठीक. थोडक्यात, सगळ्यांत मजबूत कोणता हे विचारून गोंद निवडता येत नाही. तो सांधा पुढे कुठे राहणार आणि त्याला काय सोसावे लागणार, हे आधी ठरवावे लागते.

काही सांधे तर सुटण्यासाठीच करायचे असतात. दोन अर्धुकांचा गोल पॅटर्न लेथवर एकत्रच कातावा लागतो, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. मग दोन अर्धुकांच्या मध्ये कागद ठेवून दोन्हीकडून गोंद लावतात. लेथवर फिरताना सांधा हलत नाही. कातून झाल्यावर कडेला पटाशी लावून हलकेच ठोकले की कागदच मधोमध फाटतो आणि लाकडाला ओरखडा न येता दोन अर्धुके वेगळी होतात. पॅटर्नच्या अंगावर आडवा येणारा उंचवटा असेल तर तो चिकटवायचाच नाही, खाचेत नुसता सरकवून ठेवायचा. पॅटर्न वर उचलला की तो तुकडा वाळूतच राहतो आणि मागाहून बाजूने काढून घेतात. तिथे कुणी चुकून गोंद लावला, तर पॅटर्न काढताना साचाच ढासळतो.

आज मोठ्या संख्येने लागणाऱ्या भागांचे पॅटर्न धातूचे किंवा रेझिनचे होतात, संगणकाच्या आज्ञेवर मशिन ते कापते, काही ठिकाणी त्रिमित छपाईही आली आहे. पाकळ्या जुळवत बसणारे हात कमी झाले. पण आकसणीचा आकडा मशिनलाही कुणीतरी सांगावाच लागतो आणि तो आकडा पुस्तकात दिला तेवढाच निघेल असे नाही. पोटात मोठा, कडक कोअर असेल तर बीडाला मनाजोगते आकसता येत नाही. जाड आणि पातळ भाग शेजारी असले तर ते वेगवेगळ्या वेगाने गार होतात. म्हणून पहिला ओतीव नमुना मापून पाहतात आणि पॅटर्न दुरुस्त करतात. माप जास्त भरले तर लाकडावरून रंधा फिरवायचा. कमी भरले तर हव्या तेवढ्या जाडीची पट्टी कोरडी जुळवायची, ओल्या वाळूत टिकेल असा गोंद लावायचा, क्लॅम्प आवळायचा आणि दुसऱ्या दिवशी तासून सारखी करायची. एक-दोनच नग लागणार असतील आणि मापाची खात्री नसेल, तर पॅटर्न लाकडाचा करणे अजूनही परवडते, ते याच कारणाने.