डोळ्यावरची गाठ : घरी किती थांबायचं, दवाखान्यात कधी जायचं?

पापणीच्या कडेला लाल, दुखरा फोड आला की आपण म्हणतो, रांजणवाडी झाली. मग कुणी लवंग उगाळून लावतं, कुणी सुईने टोचतं, कुणी मेडिकलमधून थेंब आणून घालतं. खरं तर रांजणवाडी बहुतेक वेळा आपोआप बरी होते. बिघडते ती अशा उपायांनी. आणि डोळ्यावरची प्रत्येक गाठ रांजणवाडी नसते, हेही तितकंच खरं.

रांजणवाडी म्हणजे काय?

पापणीच्या कडेला तेलकट स्राव तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यात जंतू शिरले की सूज येते, पू धरतो. अंगातल्या उष्णतेशी याचा संबंध नाही. न धुतलेल्या हातांनी डोळे चोळणं, दुसऱ्याचा टॉवेल किंवा काजळ वापरणं, ही नेहमीची कारणं. कधी ग्रंथीचं तोंड नुसतंच बंद होतं आणि पापणीत न दुखणारी, वाटाण्याएवढी गाठ राहते. ती जिरायला काही आठवडेही लागतात.

घरी काय करायचं?

हात साबणाने धुवा. स्वच्छ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून पिळा, मनगटाला लावून चटका बसत नाही ना ते पाहा आणि मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटं ठेवा. कापड गार झालं की पुन्हा बुडवा. असं दिवसातून तीन-चार वेळा करा. फोड दाबू नका, फोडू नका. बरं होईपर्यंत काजळ बंद. टॉवेल वेगळा ठेवा.

मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असतं. त्याने लाली लगेच उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतं. पण तपासणीशिवाय ते बरेच दिवस घातलं तर काचबिंदू होऊन नजर कायमची जाऊ शकते.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर काही दिसलं तर?

उन्हातान्हात, धुळीत राबणाऱ्या माणसांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूला पिवळसर उंचवटा येतो. तो सहसा निरुपद्रवी असतो. पण त्याच बाजूने मांसाचा पडदा बुबुळावर सरकत असेल तर तपासून घ्या. टोपी किंवा पदर कपाळावर पुढे ओढला, साधा चष्मा लावला, तरी ऊन-धुळीपासून बराच बचाव होतो.

लहान मुलांकडे विशेष लक्ष द्या. पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग आणि संध्याकाळी मूल ठेचकाळणं, ही अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारे या जीवनसत्त्वाचे डोस चुकवू नका. बुबुळाच्या कडेला पुटकुळी, सतत पाणी आणि उजेड सहन न होणं, यामागे कधी क्षयरोगही असतो. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवाच.

त्याच दिवशी दवाखाना गाठा :

– नजर अंधूक झाली, किंवा एकाचे दोन दिसू लागले
– पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखतो किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसतो
– काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका आला
– डोळ्याला धसकट, काटा, खडी किंवा चुना लागला. चुना गेला असेल तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा, मग निघा.

आठवड्याभरात दाखवा :

– दोन आठवडे शेकूनही गाठ कमी होत नाही
– गाठीतून रक्त येतं, किंवा तिथल्या पापणीचे केस गळतात
– उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येते. क्वचित तो कर्करोग असतो आणि लवकर कळला तर काढता येतो.

वारंवार रांजणवाडी होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

वस्तीत फिरताना आम्ही एकच उत्तर सारखं ऐकतो : "एक खाडा पडला तर चूल कशी पेटणार?" ही अडचण खोटी नाही. पण नजर गेली तर रोजचाच खाडा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात डोळ्यांची तपासणी कोणत्या वारी असते, हे आशाताईंना विचारून ठेवा. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पापण्या आज एकदा उजेडात नीट पाहा.