गोव्याचे वार्तापत्र : सरहद्दीवरचे खाप्री

कारापूर (डिचोली)

साखळीहून वाळवंटी ओलांडली की कारापूर. नदीकाठी राणे घराण्याचे विठ्ठलमंदिर. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री इथे सजवलेल्या नावा पाण्यात सोडतात. भजन मराठी, पाट्या मराठी, तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्याला हा मुलूख घरचाच वाटतो. पण गोव्याचे गणित समजायचे तर एक भेद ध्यानात ठेवावा. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादी. डिचोली आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडचे; ते 1781 ते 1788 या काळात पोर्तुगीजांच्या हाती गेले. तोवर कारापूर सरहद्दीच्या अलीकडे, पोर्तुगीजांच्या दृष्टीने परमुलखात होते.

सरहद्दीपलीकडे काय चालत होते? जुन्या गोव्यातल्या रुआ दिरैता या हमरस्त्यावर लिलाव होई आणि एकाच बाजारात अरबी घोडे आणि माणसे विकली जात. सतराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फ्रेंच प्रवासी पिरारने ते लिहून ठेवले आहे. त्यांत मोझांबिकची माणसेही असत. इथल्या बोलीत त्यांना खाप्री म्हणत. पळालेले गुलाम ही पोर्तुगीजांची जुनी डोकेदुखी होती. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळच्या रानात आज कोंकणी बोलणारे सिद्दी राहतात. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून निसटलेले, असे मानले जाते.

मात्र आपली बाजू धुतल्या तांदळासारखी होती असे कुणी समजू नये. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये कर्नाटकच्या स्वारीत डचांना माणसांची खरेदी आणि निर्यात बंद करायला लावली, हे खरे. पण पुढे पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, विक्री राजरोस चालली, हेही तितकेच खरे.

पोर्तुगीज राज्यात कातडीची प्रतवारी होती. वर युरोपात जन्मलेले गोरे, खाली मिश्रवंशीय, त्याखाली देशी ख्रिस्ती, मग हिंदू, आणि तळाला खाप्री. देशी ख्रिस्त्यांना हिणवून काळे म्हणू नये, असा हुकूम 1761 मध्ये लिस्बनला काढावा लागला, यावरूनच काय ते समजावे. 1835 मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा गोमंतकीय गोव्याचा प्रीफेक्ट झाला, तर मिश्रवंशीय लष्करी गटाने त्याला तीन आठवडेही टिकू दिले नाही.

गुलामांचा व्यापार 1836 मध्ये कायद्याने बंद झाला, तरी गुलामी पूर्ण सुटायला 1878 उजाडले. सर्वांत बोलका प्रसंग त्यानंतरचा. 1895 मध्ये मोझांबिकमधला उठाव मोडायला गोव्याच्या मराठा पलटणीला बोटीवर चढण्याचा हुकूम झाला. पलटणीने नकार दिला, बंड केले आणि सत्तरीच्या दादा राण्यांची तिला साथ मिळाली. पुढे 1950 च्या दशकात उलटे झाले: गोमंतकीयांना धाकात ठेवायला मोझांबिकचे काळे सैनिक इथे आणले गेले. दोघांचा मालक एकच.

गोव्याला त्या बंडाचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. 2013 मध्ये पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, तेव्हा संतापलेल्या त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला आणि एका मंत्र्याने त्या सगळ्यांची तुलना कर्करोगाशी केली. पुढे त्याने माफी मागितली. पण इथल्या एका चहाच्या गाड्यावर मी विषय काढला, तर मालकाने गाळणी झटकत विचारले, "खाप्र्याक घर कोण दितलो?" बाकावरच्या चौघांनी माना डोलावल्या.

या आफ्रिकनांत व्हिसा संपल्यावरही राहणारे आहेत, अमली पदार्थांच्या धंद्यातलेही आहेत. त्यांना कायदा आहे. तो रशियनांनाही लागू आहे, आणि त्यांना पेडण्याच्या किनाऱ्यावर घरे सहज मिळतात. ज्या गोमंतकाने चार शतके कातडीवरून अपमान सोसला, त्याने तोच मापदंड दुसऱ्याला लावू नये. भाडेकरूचे कागद तपासावेत, रंग तपासू नये.