जुन्या फियाट-पद्मिनीचे पार्ट कुठे मिळतात? आणि आपली गाडी नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

इंदापूर तालुक्यातल्या कळसपासून वालचंदनगर जवळच आहे. हे गाव वसवणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर आली. तिचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. तरी आजोबांची गाडी पुन्हा चालू करायची इच्छा अनेकांना असते. अडतं ते पार्टपाशी.

गाडी ओळखायची कशी?

इंटरनेटवर चेसिस नंबर टाकून माहिती देणाऱ्या साइट १७ अंकी-अक्षरी नंबर मागतात. जुन्या फियाटचा नंबर त्यात बसत नाही. अमेरिकेतल्या अनेक जुन्या गाड्यांवर रंग आणि सीटच्या कापडाचे कोड असलेली पट्टी असते. आपल्याकडे मुख्य आधार म्हणजे आरसी बुकातलं उत्पादन वर्ष, चेसिस व इंजिन नंबर आणि गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक. लोक ज्यांना ‘डुक्कर फियाट’ म्हणतात त्या गोल नाकाच्या जुन्या गाड्या आणि १९६४ नंतरची ११००-डी वेगळ्या. पद्मिनी ११००-डीवरच बेतलेली, पण जाळी, बिल्ले, दिवे वर्षागणिक बदलले. म्हणून दुकानात नुसतं ‘पद्मिनीचा पार्ट’ म्हणू नका, वर्ष सांगा.

पार्ट कुठे शोधायचे?

मुंबईत चोर बाजार आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत कश्मीरी गेट. जुन्या साठ्यातला न वापरलेला पार्ट सापडला तर उत्तम. नाहीतर नव्याने बनवलेला घ्यावा लागतो. काचेचं रबर घेताना जुन्याचा चार बोटांचा तुकडा कापून सोबत न्या. रबराचा आडवा छेद जुळला नाही, तर पावसाचं पाणी आत येतं आणि पत्रा गंजतो. इटलीत फियाट ११०० चे नवे पार्ट मिळतात, पण तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग बहुतेक डावीकडे. त्यामुळे डॅशबोर्डचे भाग मागवताना जपून. मूळ बंपर सडलेला नसेल, तर फेकू नका. ठोकून सरळ करून पुन्हा क्रोम चढवता येतो.

घाई का नको?

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. शुल्क नव्या नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये. अट एकच मोठी : चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी मात्र चालवता येत नाही.

बिल्ला चुकला तर उद्या बदलता येईल. पण १०८९ सीसीचं मूळ पेट्रोल इंजिन भंगारात देऊन डिझेल बसवलं, तर ही नोंदणी अडचणीत येऊ शकते. म्हणून आधी कागद बघा, मग गॅरेज.